सुताची तहान

आश्विन सरत आला की खाडीचा रंग बदलतो. पावसाळाभर मातकट, गढूळ, रुसून बसलेलं पाणी हळूहळू निवळतं. आधी हिरवं होतं, मग निळं, आणि मग एका सकाळी असं लख्ख होतं की वरून जाणाऱ्या बगळ्याला खालचा बगळा दिसावा. वाऱ्याचीही चाल बदलते. सकाळी तो जमिनीकडून समुद्राकडे जातो, भिजल्या गवताचा वास घेऊन. दुपार कलली की माघारी फिरतो, मीठ घेऊन. खारट, खोडकर, न विचारता खांद्यावर हात टाकणारा वारा.

त्या दिवसांत उन्हाला मधाचा रंग असतो. बोंबलांच्या माळांवर मधाळ ऊन, कौलांवर मधाळ ऊन, वेशीवरच्या क्रुसाच्या ओट्यावर मधाळ ऊन. आणि किनाऱ्यावर उपड्या घातलेल्या होड्यांच्या फुगीर, तेलपित्या पोटांवरही तेच मधाळ, मंद, मावळत जाणारं ऊन.

त्यातल्या बहुतेक होड्या कैतान मिस्त्रीच्या हातच्या.

कैतान फळीला फळी जोडी. दोन फळ्यांच्या मध्ये केसाएवढी फट उरते, आणि त्या केसाएवढ्या वाटेने अख्खा समुद्र आत यायला टपलेला असतो. ती फट कैतान सुताने बुजवी. कापसाचं सूत घट्ट पिळी, तेलात आणि राळेत बुडवी, आणि बोथट छिन्नीने फटीत ठोकत ठोकत नेई. ठक, ठक, ठक. जन्मभर त्याने समुद्राला एकच गोष्ट सांगितली, तू बाहेर राहा. आणि समुद्र बाहेर राहिला.

त्याची बायको कार्मेल मेणबत्त्या करी.

बाजारातून सुताचं एकच पुडकं घरी येई. अर्धं त्याचं, अर्धं तिचं. पडवीच्या एका टोकाला तो पिळत बसे, दुसऱ्या टोकाला ती वळत बसे. तो गप्प. ती अखंड बोलती. कोंबडी कुठे अंडं घालून आली, कुणाच्या सुनेला दिवस गेले, मिठाच्या कोणत्या आगरात पाणी शिरलं, सगळं तिच्या बोटांबरोबर पुढे सरके. बघणाऱ्याला वाटे, हे काय, इतकं सोपं, कधीही येईल. म्हणून कधी कुणी नीट बघितलं नाही. कैताननेही नाही.

ईस्टरच्या आधी, उपवासाच्या दिवसांत, कार्मेल गेली. साध्या तापाचं निमित्त.

तिची शवपेटी कैतानने बांधली. सागाची, सरळ शिरांची. आणि फळ्या जोडून झाल्यावर तो छिन्नी घेऊन बसला आणि पेटीचे सांधे सुताने भरू लागला. ठक, ठक, ठक. आळीतली माणसं उंबऱ्याशी उभी होती. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "मिस्त्री, पेटीला कुणी सांधे भरतं काय?"

"खाली ओल असते," कैतान म्हणाला, आणि ठोकत राहिला.

*

गावाची एक रीत होती.

नोव्हेंबर लागला की दुसऱ्याच दिवशी मृतांचा दिवस येतो. त्या संध्याकाळी सारं गाव टेकडीवरच्या दफनभूमीत जमतं. प्रत्येक आळीचा उजेड तिथे एका थडग्यावरून निघतो. वर्षभरात त्या आळीतून जे माणूस शेवटचं गेलं, त्याच्या थडग्यावर घरच्यांनी हातची मेणबत्ती लावायची. हातचीच, विकतची नाही. फादर आले, त्यांनी प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडलं, तोवर ती जळत राहायला हवी. मग आळीतल्या प्रत्येकाने त्या ज्योतीवर आपली मेणबत्ती पेटवायची आणि आपापल्या माणसाकडे न्यायची. नवा पाहुणा जुन्यांना उजेड वाटून देतो, असं म्हातारी माणसं म्हणत.

ज्योत मध्येच विझली, तर आळीने शेजारच्या आळीकडून विस्तव मागून आणायचा. त्यात पाप नाही. कुणी टोचून बोलतही नाही. पण ते माणूस अंधारात राहिलं आणि त्याच्या दारावरून आळी रिकाम्या हाताने गेली, ही गोष्ट घरच्यांच्या घशात पुढचं वर्षभर काट्यासारखी अडकून राहते.

आजवर आळीत कुणीही जावो, त्याच्या थडग्यावरची मेणबत्ती कार्मेलने केली होती. आणि कार्मेलची ज्योत टेकडीवरच्या वाऱ्यात कधी विझली नव्हती.

यंदा आळीचं नवं थडगं तिचं होतं.

*

"भावोजी, मी करू?" रेजिनने विचारलं. रेजिन म्हणजे कार्मेलची धाकटी बहीण. तीन घरं टाकून राहणारी, जिभेची तिखट, हाताची सढळ. कार्मेल गेल्यापासून कैतानचं दुपारचं ताट तिच्याकडून येई.

"तुला येते?"

"मेण ओतता येतं. वात तीच करायची. तिनं कधी हात लावू दिला नाही."

"मग मी करतो."

"तुम्ही?"

"सूतच आहे ना," कैतान म्हणाला. "सुताला मी ओळखतो."

यात फुशारकी नव्हती. सूर्य कुठून उगवतो हे सांगताना माणूस जसा बोलतो, तसा तो बोलला. त्याच्या बोटांच्या पेरांवर सुताने पाडलेल्या चिरा होत्या. जुन्या ओंडक्यावर दोराने पाडाव्या तशा. त्या बोटांना सूत फसवील, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

पडवीत ऊन उतरलं होतं. कैतान पाटावर बसला आणि वाती वळू लागला. एक बारीक, एक जाड. एक सैल, कापसाच्या श्वासासारखी. एक तीन पदरांची वेणी घातलेली. आणि एक त्याच्या नेहमीच्या पिळाची, घट्ट, कडक, काडीसारखी ताठ.

सूत पारखायची त्याची एक स्वतःची परीक्षा होती. परातीत निळीचं पाणी करायचं, वर काठी आडवी धरायची, काठीवरून सुतं लोंबती सोडायची, टोकं पाण्यात. आणि बघत बसायचं.

निळा रंग चढू लागला.

आधी टोकांशी, लाजत. मग वर, आणखी वर. सैल सुतावरून तो धावत सुटला, जशी भरती वाळूवरून धावते. बारकीवरून तो मुंगीसारखा गेला, एकामागे एक, न थांबता. वेणीवरून वळणं घेत घेत, घाटातल्या वाटसरासारखा. शुभ्र सुतांवरून निळे पाय, निळी पावलं, निळी तहान. आणि त्या साऱ्यांच्या मध्ये एकच सूत पांढरं राहिलं. टोकाशी निळं बोटभर. वर तसंच पांढरं, ताठ, कोरडं.

कैतानने मान डोलावली. तेच. होडीसाठीही तो नेहमी तेच निवडी. ज्याच्यावर निळा चढला, ते सूत फितूर. ते समुद्राला वाट देणार. ज्याच्यावर चढला नाही, ते घरचं, इमानी.

निळी झालेली सुतं त्याने पिळून एका टोपलीत टाकली. पांढरं हातात घेतलं. तसल्याच आणखी वाती पिळल्या, दाताने टोक ओढून, आणखी घट्ट.

बांबूच्या पेरात वात उभी ताणली. मेण वितळवलं, मधमाश्यांचं पिवळं आणि बाजारचं पांढरं, कार्मेल घेई तसं. ओतलं. थिजू दिलं. बांबू उभा चिरला, आणि आतून मेणबत्ती निघाली. केळीच्या गाभ्यासारखी गोरी, गुळगुळीत, नितळ. रेजिन बघतच राहिली.

"मिस्त्री ते मिस्त्री," ती म्हणाली. "रंधा मारल्यासारखी झालीय."

संध्याकाळी कैतानने ती पेटवली.

ज्योत उभी राहिली. क्षणभर सोन्याच्या भाल्यासारखी. मग भाल्याची सुई झाली, सुईची टाचणी. मेणाचं इवलंसं तळं तिच्या पायाशी साचलं, आणि त्या तळ्यात ती, कुणी हाक मारायच्या आत, बुडून गेली. धुराची एक बारीक रेघ उरली. तीही वाऱ्याने नेली.

*

मेण वाईट असेल, कैतान म्हणाला. त्याने मेण गाळून घेतलं, फडक्यातून, पुन्हा. मेणबत्ती बुडाली.

वारा असेल. त्याने बाजूला फळी उभी केली. मेणबत्ती बुडाली.

मग पीळच कमी पडला असेल. त्याने वात आणखी पिळली, इतकी की ती हातातून सापासारखी उसळू लागली. ती मेणबत्ती तर धड पेटलीही नाही.

रेजिन ताट घेऊन आली तेव्हा पाटाशेजारी विझलेल्या मेणबत्त्यांची रांग होती. गोऱ्यापान, सरळ, एकीसारखी एक. आणि प्रत्येकीच्या डोक्यावर काळा ठिपका.

"भावोजी, खरं सांगा. मेणबत्ती करताय की होडी?"

"का?"

"पाण्यात सोडल्या तर सगळ्या छान तरंगतील. थेंबही आत जायचा नाही."

कैतानने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. दुसऱ्या खोलीतून कुणी नाव घेऊन हाक मारावी आणि कान टवकारावेत, तसं. रेजिन ताट ठेवून हसत निघून गेली. ताट तसंच राहिलं.

होडी गळू लागली की कैतान सांधा उघडून बघे. आत काय झालं ते बाहेरून कळत नाही. त्याने सुरी घेतली आणि रांगेतली एक मेणबत्ती टोकापासून बुडापर्यंत उभी चिरली.

दोन गोऱ्या शकलांच्या मध्ये वात झोपली होती. त्याने ती उचलली, उलगडली. पीळ सुटता सुटेना. सुटला, तेव्हा आतलं सूत पांढरं होतं. कोरडं. चारी बाजूंनी मेण, मेणाच्या गर्भात दिवसभर राहिलेलं, आणि तरी कोरडं. जसं दुकानातून आणलं तसं.

अशी कोरडी सुतं त्याने जन्मभर अभिमानाने पाहिली होती. जुन्या होडीचा सांधा उघडावा, आणि इतके पावसाळे समुद्रात काढून आतलं सूत असंच कोरडं निघावं, तेव्हा तो ते खलाशांना दाखवी. बघा. एक थेंब नाही.

आता तो ते हातात घेऊन बसला. ऊन पडवीतून मागे सरकत गेलं, पायरीवर गेलं, अंगणात गेलं.

एक थेंब नाही.

या सुताने अडवायचं नव्हतं. या सुताने येऊ द्यायचं होतं. खालचं मेण वर चढू द्यायचं, ज्योतीच्या ओठापर्यंत, थेंब थेंब, न थांबता. ज्योत वात खात नाही, ती मेण पिते. वात म्हणजे नुसता घसा. आणि त्याने घशाला फास घातला होता. एकाच्या नव्हे, साऱ्यांच्या.

कैतान मिस्त्री हसला. मोठ्याने, एकटाच, कार्मेल गेल्यापासून पहिल्यांदा. कुंपणावरचा कावळा दचकून उडाला.

मग तो उठला आणि टोपलीतली फितूर सुतं, निळी निळी तहानलेली सुतं, एक एक करून दोरीवर वाळत घातली.

*

पण तहान असणं वेगळं आणि अधाशी असणं वेगळं, हे त्याला पुढच्या संध्याकाळी कळलं.

सगळ्यात सैल, सगळ्यात जाड वात त्याने पहिली लावली. ज्योत मशालीसारखी भडकली. डोक्यावर काजळीचं बोंड धरलं, धुराचे लोट आढ्याला भिडले, मेण भराभर वितळून बाजूंनी ओघळू लागलं. पाहता पाहता मेणबत्ती स्वतःच्याच पायाशी लोळण घेऊन संपली.

"घर रंगवायला काढलंत वाटतं," रेजिन आढ्याकडे बघत म्हणाली. "रंग जरा काळा निवडला."

बारकी वात गुणी निघाली. शांत, निर्धूर, देवघराला शोभावी अशी. पण तिने मध्यापुरतंच मेण वितळवलं, आणि मेणबत्तीत विहीर खणत खणत खाली उतरत गेली. विहिरीतल्या दिव्याचा उजेड विहिरीपुरताच. शिवाय दाराशी वारा आला, तशी ती एका फुंकरीत गेली.

उरली वेणी. वेणी घातलेली वात जळताना सरळ राहत नाही. तिचं टोक वाकतं, ज्योतीच्या कडेला येतं आणि तिथे जळून जातं. तिच्या डोक्यावर काजळी धरत नाही. आपलं मेलेलं टोक ती आपणच झटकून टाकते. कैतानला हे आवडलं. फळ्यांत असा गुण असता तर होड्या कधी कुजल्याच नसत्या.

आता घरातल्या परीक्षेचा उपयोग नव्हता. मेणबत्ती जिथे जळायची, तिथला वारा हवा. दफनभूमी उघड्या टेकडीवर. समोर समुद्र, मध्ये एक झाड नाही. म्हणून तो रोज सूर्य पाण्याला टेकायच्या सुमाराला धक्क्याच्या टोकाशी जाऊन बसू लागला. मीठगंधी, मोकाट वाऱ्यात, भरतीच्या शिंतोड्यांत, एका दगडावर एक मेणबत्ती. समोर ताम्रवर्ण सूर्य आणि अलीकडे त्याचं बोटभर पिल्लू.

जाळी विणत बसलेला बस्त्याव खलाशी विचारी, "काय मिस्त्री, माशांना वाट दाखवता काय?"

"माशांना माहीत आहे वाट."

"मग कुणाला?"

कैतान मेणबत्ती दगडावर नीट बसवी. बस्त्याव पुन्हा विचारत नसे. त्याची आई टेकडीवर होती, आणि त्याला कैतानच्याच आळीतून उजेड न्यायचा होता. मेणबत्ती विझली की तो खाली मान घालून जाळ्याची गाठ मारी, जणू काही पाहिलंच नाही.

वेणीच्या वाती विझत होत्या. वाईट नव्हत्या; जमत आल्या-आल्या विझत होत्या. कैतान त्या चिरून बघे. आणि दर वेळी तेच सापडे: वरच्या टोकाला वेणी मऊ, मोकळी, मेण प्यालेली, आणि खाली जाता जाता, कुठेतरी, त्याच्या नकळत, घट्ट. पुन्हा घट्ट. पुन्हा कोरडी.

बोटं ऐकत नव्हती. ठरवून सैल घातलेले पहिले फेरे बोटं मानत. मग मन जरा दुसरीकडे गेलं, की ती आपल्या जुन्या मार्गाला लागत. आवळ. आणखी आवळ. बाहेर राहा. आणि मन लावून, दात आवळून वळायला बसावं, तर दातांबरोबर बोटंही आवळत.

एका दुपारी तो असाच बसला होता. पडवीचं दुसरं टोक रिकामं होतं. तिथल्या भिंतीवर पाठीने टेकून टेकून पडलेला तेलकट डाग होता, आणि त्याच्यावर ऊन आलं होतं.

"तांबडी कोंबडी," कैतान म्हणाला, "कुडाच्या मागे बसते हल्ली."

म्हणून गेला, आणि आपल्याच आवाजाला थबकला. मग बोटांकडे पाहिलं. बोटं सैल होती.

"अंडी कावळा नेतो. मी टोपली ठेवली तिथे. टोपलीत बसत नाही. तुझ्यासारखीच हट्टी आहे."

पदरावरून पदर गेला. मऊ. मोकळा.

"बस्त्यावने नवी होडी मागितलीय. मी म्हटलं, नाताळ होऊ दे. त्याच्या जुनीचा एक सांधा सैल झालाय, मागच्या बाजूचा. पाणी येतं थोडं. उपसतो तो." बोटं न थांबवता तो म्हणाला, "येऊ दे थोडं."

पदरावरून पदर. पदरावरून पदर. जन्मभराच्या गप्प माणसाच्या तोंडून शब्द येत होते, गंजलेल्या रहाटावरून पहिलं पाणी यावं तसे, करकरत, खळाळत. आणि बोटांतून वेणी उतरत होती, एकसारखी, श्वासासारखी, झोपलेल्या मुलाच्या मुठीसारखी सैल. चिंचेला मोहोर नव्हता, ते सांगितलं. रेजिनच्या मुलाला परदेशी बोटीवर काम मिळालं, ते सांगितलं. पेटीच्या फळ्या सरळ शिरांच्या घेतल्या होत्या, तेही सांगितलं. जे सांगायचं राहून गेलं होतं, आणि जे कधीच सांगायचं नव्हतं, ते सगळं एका लयीत, एका ओघात, पदरावरून पदर, पदरावरून पदर.

"कोण आलंय?" दारातून रेजिनने विचारलं.

"कोणी नाही."

"मग बोलताय कुणाशी?"

"वातीशी."

रेजिनने ताट खाली ठेवलं. "काय म्हणते वात?"

"म्हणते, रेजिनच्या कालवणात काल मीठ जास्त होतं."

"असं काय! माझ्या मिठाला नावं ठेवायची ताईची सवय तशीच राहिली म्हणायची," रेजिन म्हणाली. ती वळली आणि पायऱ्या उतरून गेली, जराशी घाईने.

त्या संध्याकाळी धक्क्यावर वारा सुटला होता. कैतानने नवी मेणबत्ती दगडावर ठेवली, पेटवली, आणि सवयीने तिच्याकडे न बघता समुद्राकडे बघत बसला. सूर्य गेला. पाणी जांभळं झालं, मग राखी. होड्या परतल्या. बस्त्यावने जाळं गुंडाळलं, खांद्यावर टाकलं, दोन पावलं गेला आणि थांबला.

"मिस्त्री," तो म्हणाला, "अजून आहे."

*

मृतांच्या दिवशी आकाश शिंपल्याच्या आतल्या अंगासारखं होतं. राखी, गुलाबी, ओलसर. टेकडीवर पांढरे क्रूस, दगडी क्रूस, लाकडी क्रूस, आणि नुसते ढिगारे, ज्यांच्यावरचे क्रूस कधीच गेले. धुतलेल्या कपड्यांतली माणसं चढण चढत होती. झेंडूचा वास, लोबानचा वास, आणि या साऱ्यांना ढकलत पुढे येणारा समुद्राचा वास.

त्या दिवशी वारा नेहमीचा नव्हता. कुठेतरी खोल समुद्रात काहीतरी बिनसलं असावं. तो थांबून थांबून येत होता, दबा धरून, झेप घेत. बायकांचे पदर उडत होते. पुरुषांनी टोप्या हातात घेतल्या होत्या.

कैतानने कार्मेलच्या थडग्यावर मेणबत्ती ठेवली आणि पेटवली.

आळी भोवती जमली. सगळ्यांच्या हातात न पेटलेल्या मेणबत्त्या, सगळ्यांचे डोळे एका ठिकाणी. फादर वरच्या आळीचं आटपून खाली येत होते. वरच्या आळीची ज्योत त्यांच्या समोरच गेली होती. पोरं खाली-वर धावत काड्या ओढत होती, आणि काड्या एकामागून एक विझत होत्या. शेजारच्या आळीनेही काच लावून पाहिली होती. काचेत ज्योत गुदमरली.

म्हणजे आता साऱ्या टेकडीवर ही एकच होती.

फादरनी पुस्तक उघडलं. वाऱ्याने पानं हिसकावली. त्यांनी अंगठ्याने धरली. प्रार्थना सुरू झाली. "हे प्रभो, तुझ्या सेविकेला..." आणि वाऱ्याने झेप घेतली.

ज्योत आडवी झाली. आडवी, आणखी आडवी, मेणाला टेकली, निळी झाली. रेजिन "आई गं" म्हणाली. बस्त्याव पुढे वाकला. एका क्षणात थडग्याभोवती ओंजळी आल्या, खडबडीत, मायेच्या ओंजळी. आळीभरच्या हातांची भिंत.

"हात काढा," कैतान म्हणाला.

कुणी हललं नाही.

"काढा हात. श्वास घेऊ द्या तिला."

त्याचा आवाज चढला नव्हता. फळी बसली आहे, आता होडी पाण्यात सोडा, असं सांगताना त्याचा आवाज जसा असे, तसाच होता. लोकांनी तो आवाज ऐकून आपली मुलं त्याच्या होड्यांत बसवली होती. एक हात गेला. दुसरा गेला. रेजिनने आपले हात छातीशी घेतले. भिंत उघडली, आणि वारा आत आला.

आता मोहरीएवढा ठिपका. निळा. असून नसल्यासारखा.

फादरांचा आवाज चालू होता. समुद्र चालू होता. कैतान ज्योतीकडे बघत नव्हता, विझली तर बघायला नको म्हणून नव्हे. तो खाली बघत होता, मेणाकडे, जिथून ती यायची होती.

आणि मेण चढलं. मऊ पदरांतून, मोकळ्या पदरांतून, कोंबडीच्या गोष्टीवरून, चिंचेच्या गोष्टीवरून, सरळ शिरांच्या फळ्यांवरून, थेंबामागे थेंब चढत आलं आणि त्या निळ्या ठिपक्याच्या ओठाला लागलं. ठिपका पिवळा झाला. पिवळ्याचा केशरी झाला. वारा तसाच होता, आणि वाऱ्यातच ती उठली. आधी गुडघ्यावर, मग उभी. वाकत होती आणि उठत होती. वाकत होती आणि उठत होती. भातासारखी. डोलकाठीसारखी. कामावरून घरी येणाऱ्या बाईसारखी.

"आमेन," फादर म्हणाले, आणि पाणी शिंपडलं.

"आमेन," आळी म्हणाली.

पहिला बस्त्याव आला. आईसाठी. त्याने आपली मेणबत्ती कार्मेलच्या ज्योतीला लावली, हाताचा आडोसा केला आणि घेऊन गेला. मग म्हाताऱ्या आल्या. मग नुकतंच लग्न झालेल्या पोरी, सासरच्या माणसांची थडगी विचारत विचारत. मग शेजारची आळी आली, संकोचत, आणि कैतान बाजूला सरकला. मग वरची आळी. वाटेत विझे, ते माघारी येत, पुन्हा घेत, पुन्हा जात. रेजिन शेवटी आली. तिने मेणबत्ती पेटवली, आणि आईबापांच्या थडग्याकडे जाता जाता म्हणाली, "ताई, मीठ आज बेतानं घातलंय."

कैतान तिथेच बसून राहिला, मांडी घालून, मातीवर. त्याला कुठे जायचं नव्हतं.

अंधार उतरला. आणि त्या एका थडग्यापासून उजेड चालू लागला. शेजारच्या थडग्याकडे, त्याच्या पलीकडच्या थडग्याकडे, दगडी क्रुसांकडे, लाकडी क्रुसांकडे, आणि मग ज्यांची नावं पुसली आणि ज्यांचं कुणी उरलं नाही, त्या नुसत्या ढिगाऱ्यांकडेही कुणी कुणी नेऊन ठेवला. ओळीमागून ओळ, पायरीमागून पायरी, टेकडीच्या माथ्यावरून टेकडीच्या पायथ्याकडे, पायथ्यावरून पाण्याच्या काठाकडे, वाकत, उठत, वाकत, उठत, सारी टेकडी उजळत गेली, उजळत गेली. आणि वारा वाहत होता.